पहिल्या डोळ्याआधी

डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली की घरी दोन तऱ्हेची माणसं येतात. पहिली म्हणतात, "काही नाही हो गुरुजी, दहा मिनिटांचं काम. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी." दुसरी ओटीवर टेकतात, आवाज खाली आणतात आणि नेरळकडच्या कुणाच्या तरी सासऱ्याचा डोळा कसा गेला ते सांगतात. दोघांच्याही पोटात माझ्याबद्दल मायाच होती. पण एवढं सोपं असेल तर मला रात्री झोप का लागत नाही, याचं उत्तर पहिल्यांकडे नव्हतं. आणि तो डोळा गेला तो नेमका कशाने, ऑपरेशननंतर कितव्या दिवशी, दुखायला लागल्यावर घरच्यांनी काय केलं, हे दुसऱ्यांना ठाऊक नव्हतं.

माझा उजवा डोळा आता झाला आहे. चांगलं दिसतं आहे. डावा व्हायचा आहे. मधल्या या काळात लिहायला बसलो, कारण कर्जत-खालापूरच्या गावागावांत माझ्यासारखे कितीतरी जण हातात तारखेचा कागद घेऊन घाबरून बसले असतील. त्यांना आधी एकच सांगतो. आपण घाबरतो ते ऑपरेशनच्या टेबलाला. पण मी जवळून पाहिलेले जे डोळे बिघडले, ते टेबलावर बिघडले नाहीत. एक वाट पाहण्यात गेला, एक घरी आल्यावर गेला.

वाट पाहण्यात गेला तो माझ्या आईचा. तिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाल्याचं सगळ्यांना दिसत होतं, बाहुली पांढुरकी झाली होती. पण तेव्हा सगळ्यांचं एकच म्हणणं असे: पिकू दे. कच्चा मोतीबिंदू काढू नये. आईही तेच म्हणायची, कारण उजव्या डोळ्याने तिचं काम भागत होतं. एका पावसाळ्यात, उल्हास नदी भरून वाहत असताना, रात्री तिचं डोकं असं ठणकायला लागलं की ती कपाळ भिंतीला टेकवून बसली. उलट्या सुरू झाल्या. घरात सगळ्यांनी पित्त म्हटलं. आल्याचा रस दिला, कोकम सरबत दिलं. डोळा लाल झाला होता, पण रात्रभर रडल्याने आणि जागरणाने झाला असेल असंच वाटलं. पाऊस ओसरून तिला कर्जतला नेईपर्यंत काही दिवस गेले होते. तिथून पुढे मुंबईला पाठवलं. डॉक्टरांनी सांगितलं की पिकलेला मोतीबिंदू फुगला, डोळ्यातलं पाणी वाहून जायची वाट बंद झाली, दाब चढला आणि त्या दाबाखाली डोळ्यामागची नस मेली. आता मोतीबिंदू काढला तरी त्या डोळ्याला उजेड दिसणार नाही.

हे इतकं सविस्तर सांगतो ते 'पिकू दे' हा शब्द आजही आमच्या गावांत ऐकू येतो म्हणून. एके काळी त्याला कारण होतं. पूर्वी डोळ्यातलं अख्खं भिंग त्याच्या पिशवीसकट बाहेर काढत, त्याच्या जागी काही बसवत नसत. माणसाला डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून दिवसेंदिवस उताणं निजवत आणि पुढे आयुष्यभर अतिशय जाड भिंगाचा चष्मा. अशा ऑपरेशनसाठी पूर्ण दृष्टी जाईपर्यंत थांबणं शहाणपणाचं वाटत असे. आता उलट आहे. मोतीबिंदू जितका जुना, तितका तो कडक होतो आणि काढायला अवघड जातो. रोजच्या कामात अडचण यायला लागली, की वेळ झाली असं समजावं. आणि मोतीबिंदू असलेल्या माणसाचं एका बाजूचं डोकं असह्य दुखू लागलं, उलट्या झाल्या, डोळा लाल झाला, तर पित्ताचा विचार नंतर करावा. त्या रात्रीच गाडी काढावी.

माझ्या स्वतःच्या डोळ्याचं कळायला मात्र वेळ लागला, आणि त्याचं कारण आमच्या लेण्यात सापडलं. शाळेत होतो तेव्हा दरवर्षी मुलांना कोंडाणे लेण्यात नेत असे. निवृत्तीनंतरही कुणी पाहुणे आले की मीच पुढे. राजमाचीच्या पायथ्याच्या जंगलातून वर चढायचं, चैत्यगृहासमोर उभं राहायचं आणि डाव्या अंगाला तुटक्या मूर्तीजवळची ब्राह्मी अक्षरांची ओळ दाखवायची: कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने आपलं आणि गुरूचं नाव असं कोरून ठेवलं आहे, हे सांगताना मला दरवेळी भरून येतं. एकदा एका मुलीने विचारलं, "गुरुजी, यातलं पहिलं अक्षर कोणतं?" मी बोट ठेवलं. ती म्हणाली, "तिथे तर नुसता दगड आहे." मी जवळ जाऊन पाहिलं. मला ती ओळ दिसतच नव्हती. इतकी वर्षं जिथे बोट ठेवत आलो, तिथे अंदाजाने ठेवत होतो.

ओळखीच्या जागी माणूस निम्मं आठवणीने पाहतो. घराची पायरी, विहिरीचा कठडा, शेताचा बांध, देवळाची कमान हे सगळं मनातच असतं. दोन्ही डोळे उघडे असले की बरा डोळा वाईट डोळ्याचं झाकून घेतो. म्हणून गावातल्या म्हाताऱ्या माणसांना 'दिसतं का?' असं विचारून काही उपयोग नाही, ती 'दिसतं की' असंच म्हणतात आणि खरंच तसं मानतात. त्यांना एकेक डोळा तळहाताने झाकायला सांगा आणि अनोळखी काहीतरी दाखवा. एसटीची पाटी, औषधाच्या डबीवरची अक्षरं, लग्नपत्रिका. रात्री समोरच्या डोंगरातून घाट चढणाऱ्या गाडीच्या दिव्यांभोवती रंगीत वलयं दिसतात का ते विचारा. दुपारच्या उन्हात जास्त त्रास आणि सावलीत बरं, असं आहे का विचारा. जवळचं वाचायला अचानक चष्मा लागेनासा झाला, तर लोक खूश होतात, पण तेही बऱ्याचदा मोतीबिंदूचंच लक्षण असतं. भिंगाचा नंबर बदललेला असतो.

मग तपासणी झाली, मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत निघाला आणि पोटात गोळा आला. माझी सवय अशी की भीती वाटली की त्या विषयाचं वाचायचं. ते वाचताना हॅरॉल्ड रिडली या इंग्रज डॉक्टरची हकीकत सापडली आणि तिने मला जो धीर दिला, तो कुणाच्याही 'काही नाही हो'ने दिला नव्हता. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या काचा फुटून वैमानिकांच्या डोळ्यांत कपचे घुसत. बाहेरची वस्तू डोळ्यात गेली की बहुधा डोळा पेटून उठायचा. पण काही विमानांचं छत काचेचं नसून पर्स्पेक्स नावाच्या पारदर्शक प्लॅस्टिकचं होतं, आणि त्याचे कण डोळ्यात राहूनही डोळा शांत राहतो हे रिडलीच्या ध्यानात आलं. त्यातून त्याला सुचलं की खराब भिंग काढल्यावर तिथे याच पदार्थाचं भिंग बसवता येईल. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्याने ते केलं. त्याच्या काळातल्या मोठमोठ्या नेत्रतज्ज्ञांनी त्याला वर्षानुवर्षं विरोध केला. पुढे म्हातारपणी त्याच्या स्वतःच्या डोळ्यांतही तशीच भिंगं बसवली गेली. माझ्या डोळ्यात जी वस्तू बसणार आहे तिच्यामागे एवढा विचार, एवढी भांडणं आणि एवढे डोळे आहेत, हे कळल्यावर मला जरा टेकायला जागा मिळाली.

आपल्याकडे ही भिंगं फार महाग होती. १९९२ साली मदुराईत अरविंद नेत्र रुग्णालयाच्या मंडळींनी ऑरोलॅब सुरू केली, भिंगं देशात बनू लागली आणि किंमत गरिबाच्या आवाक्यात आली. आज अंधत्व निवारणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली, जो १९७६ पासून चालू आहे, सरकारी रुग्णालयात हे ऑपरेशन भिंगासह फुकट होतं. मुंबईत भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तात्याराव लहाने यांनी एक लाखाच्या वर मोतीबिंदू काढले, त्यांत खेड्यापाड्यांतून आलेले कितीतरी होते. आमच्या बाजूच्या लोकांना पनवेलही जवळ पडतं, चौकमार्गे एसटीने जाऊन येता येतं. पैसे नाहीत म्हणून डोळा घालवावा अशी स्थिती आता नाही, हे मी प्रत्येक वाडीत जाऊन सांगतो.

ऑपरेशनआधीच्या तपासणीला सून बरोबर होती. डॉक्टरांनी विचारलं, "काका, कोणत्या गोळ्या चालू आहेत?" मी बीपीची सांगितली. सुनेने काही न बोलता पिशवी उघडली आणि घरातल्या कपाटात माझ्या नावाचं जे काही होतं ते सगळं टेबलावर ओतलं. डॉक्टरांनी त्यातली एक पट्टी उचलली. लघवीला अडतं म्हणून मला सुरू केलेली ती गोळी, टॅमसुलोसिन. ते म्हणाले, "बरं झालं ही आणलीत." ही गोळी घेणाऱ्यांची बाहुली औषध घालूनही नीट मोठी होत नाही आणि भोवतीचा पडदा ऑपरेशनच्या वेळी सैल पडून मध्ये येतो. २००५ साली दोघा अमेरिकन डॉक्टरांनी हे पहिल्यांदा नोंदवलं. आधी माहीत असलं की डॉक्टर तयारीने उतरतात आणि सहसा काही बिघडत नाही. माहीत नसलं की ऐन वेळी धावपळ. साठीच्या पुढच्या किती पुरुषांना ही गोळी चालू असते आणि लघवीचं दुखणं डोळ्याच्या डॉक्टरला काय सांगायचं म्हणून किती जण गप्प राहतात, याचा विचार करा. पूर्वी घेत होतात आणि आता बंद आहे, तरीही सांगा. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर तीही दाखवा. यातली कुठलीही गोळी आपल्या मनाने बंद मात्र करू नका. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन ऑपरेशनच्या सकाळी घ्यायचं की नाही, नाश्ता करायचा की नाही, हे विचारून कागदावर लिहून घ्या. अंगावर कुठे गळू असेल, दाढ सुजली असेल, डोळ्याच्या कोपऱ्यातून चिकट येत असेल, खोकला असेल तर लपवू नका. तारीख पुढे जाईल म्हणून लोक लपवतात. तारीख पुढे गेलेली बरी.

याच दिवशी भिंगाचा नंबर काढतात. डोळ्याची लांबी मोजतात, बुबुळाचा गोलावा मोजतात, त्यावरून भिंग ठरतं. इथे आपली आशा नीट पारखून घ्यावी, असं मी आवर्जून सांगेन. साधं भिंग बसवलं तर बहुतेकांना लांबचं चांगलं दिसतं आणि वाचायला चष्मा लागतो. तो लागला म्हणजे ऑपरेशन फसलं असं नाही. महाग भिंगांनी चष्म्याची गरज कमी होते, पण त्यात काहींना रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात. ज्याला रात्री गाडी चालवायची आहे त्याने हे आधी विचारावं. मला नातीच्या वह्या तपासायच्या होत्या आणि लांबून येणारा माणूस ओळखायचा होता. साध्या भिंगाने दोन्ही होतं, फक्त वहीसाठी चष्मा. कर्ज काढून महाग भिंग घालण्याची गरज आमच्यासारख्यांना सहसा पडत नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. तीच गोष्ट पद्धतीची. फेकोत, म्हणजे यंत्राने मोतीबिंदू फोडून ओढून घेण्याच्या पद्धतीत, ज्याला लोक लेझर म्हणतात, चीर तीन मिलिमीटरच्या आत असते, हाताने काढण्याच्या पद्धतीत सहा-साडेसहा. दोन्ही बहुधा बिनटाक्याची. मोतीबिंदू फार कडक असेल तर डॉक्टर दुसरी निवडतात आणि त्या डोळ्यालाही चांगलं दिसतं. 'मला लेझरचं नाही केलं' म्हणून मन खट्टू करून घेऊ नये.

आणि एक प्रश्न जरूर विचारावा: मागचा पडदा कसा आहे? ऑपरेशननंतर माझ्या शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ पट्टी उघडल्यावर रडले. मधुमेहाने त्यांचा पडदा आधीच खराब झाला होता. डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला तसं सांगितलंही होतं, पण बाबा घाबरतील म्हणून मुलाने त्यांना सांगितलं नव्हतं. ते बिचारे सगळं लख्ख दिसणार म्हणून आले होते. भिंग बदलून पुढचं धुरकट जातं, मागचं बरं होत नाही. हे त्यांना आधी कळलं असतं तर जेवढं वाढलं तेवढ्याचा तरी त्यांना आनंद झाला असता. घरच्यांनी आपल्या माणसापासून डोळ्याची खरी स्थिती लपवू नये.

आदल्या रात्री झोप नाही. आईचं भिंतीला टेकलेलं कपाळ डोळ्यांपुढे. त्याच वेळी मनात असंही येत होतं की उद्या या वेळेला कदाचित सगळं स्वच्छ दिसत असेल. भीती आणि आशा अशा एकदम येतात, एक गेल्यावर दुसरी येत नाही. मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं की हे असंच असतं आणि यात काही चुकीचं नाही. सकाळी रुग्णालयात बीपी चढलेलं निघालं. नर्सबाईंना मी सांगून टाकलं, "मला भीती वाटते आहे." त्या म्हणाल्या, "सगळ्यांना वाटते काका. बसा थोडा वेळ, मग परत बघू. खोकला येतो का तेवढं सांगा." पुन्हा बीपी घेतलं तेव्हा उतरलं होतं. बोललो नसतो तर कदाचित उतरलं नसतं.

आत काय होतं ते सांगतो, कारण न दिसणाऱ्या गोष्टीची भीती जास्त. ज्या डोळ्याचं ऑपरेशन, त्या बाजूला कपाळावर खूण करतात. तुमचं नाव आणि डोळा पुन्हा पुन्हा विचारतात, प्रत्येक वेळी नीट उत्तर द्या, वैतागू नका. बाहुली मोठी करायला थेंब घालत राहतात. मला डोळ्याच्या खालच्या बाजूने भुलीचं इंजेक्शन दिलं, ते टोचलं, मग ती बाजू जड झाली. काहींना नुसत्या थेंबांवर करतात. तपकिरी औषधाने डोळा आणि भोवतीची जागा धुतात, जंतू मारायला. तोंडावर हिरवं कापड येतं, त्याच्या आत नळीने हवा सोडतात, श्वास कोंडत नाही. डोळा मिटेल ही भीती नको, पापण्या चिमट्याने उघड्या धरलेल्या असतात. आणि डोळा बाहेर काढून तळहातावर ठेवतात, असं जे आमच्याकडे बायाबापड्या अजून सांगतात, ते साफ खोटं आहे. डोळा जागच्या जागी असतो. मला उजेडाचे गोळे दिसले, निळे-गुलाबी रंग वाहताना दिसले, यंत्राचा आवाज चढता-उतरता आला. डॉक्टर मधूनमधून बोलत होते. खोकला आला, ठसका लागला, तर डोकं न हलवता आधी तोंडाने सांगायचं, ते थांबतात. एवढी एकच गोष्ट तिथे आपल्या हातात असते.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. पहिल्या क्षणी धूसर, पाणी, उजेड बोचला. थोड्या वेळाने भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं. मी उजवा डोळा झाकून डाव्याने पाहिलं, मग डावा झाकून उजव्याने. डाव्याने भिंत पिवळसर, उजव्याने पांढरी. खिडकीबाहेरचं आभाळ तर असं निळं की मी सुनेला विचारलं, "खरंच एवढं निळं आहे का?" जुनं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा रंग अडवतं, म्हणून असं होतं. काहींना हे पहिल्याच दिवशी दिसतं, काहींना आठवडा लागतो. उशीर लागला म्हणून हबकू नये, फक्त दिवसागणिक सुधारतंय ना ते पाहावं.

आता त्या दुसऱ्या डोळ्याबद्दल, जो घरी आल्यावर गेला. पलीकडच्या वाडीतली एक बाई, माझ्या आधी एक हंगाम तिचं ऑपरेशन झालं होतं. पट्टी उघडली तेव्हा छान दिसत होतं, ती सगळ्यांना हसून सांगत होती. चार दिवसांनी डोळा दुखायला लागला. भाताची झोडणी चालू होती, घरातली सगळी माणसं खळ्यावर. "डोळा कापलाय, दुखणारच," असं म्हणून तिलाही पटवलं. दुखणं वाढलं, पापणी सुजली, दिसायचं कमी झालं, तरी झोडणी आटोपेपर्यंत थांबली. डोळ्याच्या आत जंतू शिरले होते. डॉक्टरांनी डोळ्यात औषधाची इंजेक्शनं दिली, पण उशीर झाला होता. आता त्या डोळ्यासमोर हात हलवला तर तेवढाच कळतो. रुग्णालयाने दिलेल्या कागदावर 'असं झाल्यास ताबडतोब या' असं लिहिलं होतं, खाली फोन नंबर होता. तो कागद कपाटावर प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला सापडला.

तेव्हा पाठ करा. थोडं खुपणं, पाणी येणं, उजेड बोचणं हे पहिल्या दिवसांत चालतं आणि रोज कमी होत जातं. पण कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढलं, लाली वाढली, पापणी सुजली, चिकट येऊ लागलं, किंवा काल दिसत होतं ते आज धूसर झालं, तर त्याच तासाला निघायचं. उद्या बाजाराला जाऊ तेव्हा दाखवू, असं नाही. डोळ्यापुढे वीज चमकल्यासारखं किंवा बाजूने काळा पडदा सरकल्यासारखं वाटलं तरी तसंच. आमच्या घरी सुनेने तो फोन नंबर ठळक अक्षरांत लिहून देवघराशेजारी चिकटवला आणि रात्री गाडी कोण काढेल ते आधीच ठरवून ठेवलं.

सगळीच चूक घरची असते असं मी म्हणत नाही. संत नामदेवांचं पंजाबातलं घुमान आपल्याला ठाऊक आहे, २०१५ मध्ये साहित्य संमेलन तिथे झालं. त्याच्या काही महिने आधी, २०१४ च्या अखेरीस, तिथल्या एका मोफत शिबिरात मोतीबिंदू काढलेल्या कितीतरी गरिबांची दृष्टी जंतुसंसर्गाने गेली होती. म्हणून शिबिरात तपासणी जरूर करून घ्या, पण ऑपरेशन कुठे होणार, ते चालू असलेलं नेत्र रुग्णालय आहे का, दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने तपासायला कोण असणार, हे विचारा. शाळेच्या खोलीत किंवा मंडपात कुणी ऑपरेशन करतो म्हणाला तर नमस्कार करून परत या.

घरी आल्यावर थेंब घालणं हेच खरं काम. साबणाने हात धुवायचे, खालची पापणी हलकेच ओढायची, एक थेंब, बाटलीचं टोक डोळ्याला वा पापणीला लावायचं नाही. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं. थेंब हळूहळू कमी करत काही आठवडे चालतात, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नयेत. डोक्यावरून आंघोळ डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. डोळा चोळायचा नाही, झोपताना जाळीचं झाकण लावायचं. मध, गुलाबपाणी, एरंडेल, बाळंतिणीचं दूध, यातलं काहीही त्या डोळ्यात जाता कामा नये, सांगणारं माणूस कितीही मायेचं असो.

बायकांचं मला जास्त वाटतं. पुरुष ऑपरेशन करून आला की खाटेवर बसतो आणि घर त्याच्याभोवती फिरतं. बाई तिसऱ्या दिवशी चुलीपुढे असते. धूर, फोडणीचा उडालेला थेंब, खाली वाकून उचललेली हंडा-कळशी. चैत्र-वैशाखात शेतात राब भाजतात तेव्हा सगळा शिवार धुराने भरतो, तेव्हा तिला घरातच राहू द्या. आवणीच्या दिवसांत चिखलाचं पाणी उडतं. सासू असो वा सून, तिच्या डोळ्यासाठी घरातल्या कुणीतरी तेवढे आठवडे चूल आणि पाणी सांभाळायलाच हवं. ऑपरेशनची तारीख घेतानाच हे ठरवा, नंतर ठरत नाही.

उरलेल्या बाटल्यांचं एक. उघडलेली बाटली महिन्यानंतर टाकून द्या. आमच्या भागात भात कापताना पातं डोळ्याला लागणं नेहमीचं आहे, आणि मग कुणीतरी म्हणतं, "गुरुजींच्या डोळ्याचे थेंब आहेत ना, तेच घाल." ऑपरेशननंतरच्या थेंबांत बहुधा स्टिरॉइड असतं. भाताच्या पात्याने झालेल्या जखमेत बुरशी शिरू शकते, आणि त्यात स्टिरॉइड पडलं की ती फोफावते, बुबुळावर फूल पडतं. असा डोळा लगेच नेत्रतज्ज्ञाला दाखवायचा, घरात औषध शोधायचं नाही. माझ्याकडे तसा मागायला आलेल्या मुलाला मी थेंब दिले नाहीत, त्याच्याबरोबर कर्जतला गेलो.

महिना-दीड महिन्याने डोळा स्थिरावला की चष्म्याचा नंबर मिळतो, त्याआधी बाजारातला तयार चष्मा घेऊ नये. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर वाटू लागलं तर 'मोतीबिंदू परत आला' असं लोक म्हणतात. तो परत येत नाही. नव्या भिंगामागची जुनी पातळ पिशवी गढूळ होते, ती लेझरने बाह्यरुग्ण विभागातच मोकळी करता येते.

डाव्या डोळ्याची तारीख घेताना बऱ्याच जणांनी सुचवलं की थंडीपर्यंत थांबा, उन्हाळ्यात जखम चिघळते, पावसाळ्यात ओल. ऋतूला आता तसा अर्थ राहिलेला नाही, बारा महिने ऑपरेशनं होतात. मी एवढंच पाहिलं की त्या महिन्यात लग्नकार्य नाही, सून घरी आहे आणि थेंब घालायला दुपारी नातीची सुट्टी आहे. तारीख त्यावर घेतली. भीती या वेळीही वाटते आहे, आणि ती मी तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांना सांगून आलो. गोळ्यांची पिशवी आत्ताच भरून ठेवली आहे.